चौदा काय?

आपण बोलता बोलता 'अंदाजे' म्हणालो, की मिस्त्रींचा उजवा हात वर जायचा. तळवा आपल्याकडे, बोटं जुळलेली, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. आपलं वाक्य तिथंच उभं राहायचं. मग ते शांतपणे म्हणायचे, "अंदाज घरी ठेवून या, बाबूसाहेब. मोजून सांगा."

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पण त्या काळातल्या गॅरेजांमध्ये तुम्ही कधी गाडी घेऊन ताटकळला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की तिथं अंदाज हीच विद्या होती. नट किती आवळायचा? हाताला कळतं. तेल किती घालायचं? डोळ्याला कळतं. जो तो उस्ताद स्वतःच्या मनगटाची फुशारकी मारायचा. आणि आमचे मिस्त्री मात्र स्वतःच्याच हातावर भरवसा ठेवायला तयार नव्हते. "हात सकाळी येगळा असते, जेवल्यावर येगळा असते," असं ते म्हणायचे. "बायकोशी भांडून आला तर अजून येगळा."

मी मूळचा अमरावतीचा. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी. मला मात्र पोरांपुढे उभं राहायचा धीर नव्हता, म्हणून अकोल्याला जिनवाल्यांच्या एका मंडळात कारकून झालो. कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या दहा-बारा जिन-प्रेसवाल्यांनी मिळून हे मंडळ काढलं होतं, आणि मंडळाची सगळ्यांत मोठी मालमत्ता म्हणजे एक आगीचा बंब. कापसाच्या गावाला आगीचं भय किती, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. कापसात एखादा खडा येतो, सरकी काढणाऱ्या रेच्याच्या लोखंडावर घासतो, ठिणगी पडते, आणि तासाभरात शेतकऱ्याची आणि शेठजीची दोघांचीही दिवाळी काळी होते.

बंब म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेला एक जुना ट्रक होता. चारही चाकांना जोर असलेला, पुढून बैलासारखा रुंद. त्याच्यावर पाण्याची टाकी आणि पंप बसवून तांबडा रंग मारला होता. दिसायला मोठा रुबाबदार. खोड एकच होती: ताशी वीस मैलांच्या वर गेला की त्याची पुढची चाकं नाचायला लागायची. आधी थरथर, मग थयथयाट, मग ड्रायव्हर गफूरभाईंच्या हातातलं स्टीअरिंग डावी-उजवीकडे असे हिसके द्यायचं की त्यांच्या दंडाला गोळे यायचे. "बाबूसाब, ये गाडी है के झूला?" असं ते मला विचारायचे. मंडळाचे सेक्रेटरी शेठ म्हणायचे, हळू चालवा. आगीला हळू जायचं, हे शेठना सुचलं याचं मला आजही नवल वाटतं.

मिस्त्री मंडळात आले ते या बंबासाठी. लढाईच्या काळात ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, आसामकडे. अशा शेकडो गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. लिहायला-वाचायलाही ते तिथंच शिकले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तरी ऑफिसात आम्ही त्यांना 'अरे मिस्त्री' अशीच हाक मारत असू. ते बौद्ध होते, घरादारासकट नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, आणि त्याआधी कोण होते हे आमच्यातला कोणी विसरला नव्हता. चहा आला की सगळ्यांच्या कपबश्या एका तबकात यायच्या आणि मिस्त्रींची खिडकीत पालथी ठेवलेली, कानतुटकी. ते ती कधी सरळ करायचेच नाहीत. "मी चहा पेत नाई," एवढंच म्हणायचे. मला ते खरं वाटायचं. खरं वाटून घेणं सोयीचं होतं, असं आज म्हणतो.

तर त्या चाकांचं. पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. चाक वळतं ते या सांध्यावर. सांध्यात वर एक बेरिंग, खाली एक बेरिंग, आणि त्यांच्या झाकणांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम म्हणतात त्यांना. चकती काढली की बेरिंग आवळतं, घातली की सैल होतं. सैल राहिलं तर चाक नाचतं; फार आवळलं तर वळलेलं चाक वळलेलंच राहतं, आपणहून सरळ होत नाही. सगळी मेख मधल्या नेमक्या जागेत. ती जागा मिस्त्री मोजून काढायचे.

मोजायला त्यांच्याकडे एक काटा होता. लाकडाच्या वखारीत असतो तसा स्प्रिंगचा, वर कडी, खाली आकडी, पितळी पट्टीवर पौंडांच्या खुणा. लढाईवरून त्यांनी आणलेली बहुधा हीच एक वस्तू. चाक उतरवायचं, दोन्ही चाकांना जोडणारा दांडा सोडवायचा, तेलाचं सीलही काढायचं, का तर सील घासतं आणि त्याचा जोर आकड्यात मिसळतो. मग सांध्याच्या हाताला आकडी अडकवून काटा हळू, एकसारखा ओढायचा. सांधा वळू लागतो. तेव्हा काट्यावर चौदा दिसले पाहिजेत. तेरा नाही, पंधरा नाही.

"पहिला आकडा धरू नोका," ते सांगायचे. "हलायच्या आंधी जो येते तो खोटा. जड वस्तू उठाले आळस करते. हलत असतानी जो टिकते, तो खरा."

पहिल्याच सीझनला त्यांनी बंबाची चाकं शांत केली. दुसऱ्या सीझनला पुन्हा मोजून पाहिली. मी दोन्ही वेळा शेजारी स्टूल टाकून बसलो होतो, त्यामुळे मला हे काम येतं असा माझा ठाम समज झाला. कारकुनाला दुसऱ्याचं काम बघून येतं, हा आमच्या जातीचा जुना रोग आहे.

तिसऱ्या वर्षी नवी वजनं आली. नवे पैसे आधीच आले होते. आता मण-शेर जाऊन किलो आले. मला तर उत्साहाचं भरतंच आलं. मंडळातली सगळी जुनी वजनं-मापं मी पोत्यात भरून जुन्या शहरातल्या भंगारवाल्याकडे पाठवली आणि त्यांच्या जागी चकचकीत नवी आणली. बंबाच्या शेडमध्ये खिळ्याला मिस्त्रींचा काटा टांगलेला होता. तोही पोत्यात गेला. त्या खिळ्याला मी नवाकोरा काटा लावला. किलोचा. वाटलं, मिस्त्री खूश होतील.

दसऱ्याच्या आधी मिस्त्रींनी बंबाचे दोन्ही सांधे उघडून, धुऊन, ग्रीस भरून ठेवले. सील-बिल निघालेलं, चाकं उतरलेली. दसऱ्याला ते दरसाल बायकोला घेऊन नागपूरला जायचे. जाताना मला म्हणाले, "चार दिवसांत येतो, मंग बसवू. तोवर कोनी हात लावजा नोका."

आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी शेठ आले. जिनं सुरू झाली, कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली, आणि बंब ठोकळ्यांवर उभा? मिस्त्री नाही म्हणून काम अडतं? मी म्हटलं, "अडत नाही शेठजी. मला येतं."

मिस्त्रींची सुतळीनं बांधलेली वही शेडमध्ये होती. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'दोन्ही बाजू १४.' मी वही वाचणार, गफूरभाई पाना चालवणार. काटा ओढला, चार आले. एक चकती काढली, सहा. आणखी एक, आठ. चौदा काही येईना. गफूरभाईंना ते ठीक वाटत नव्हतं. "बाबूसाब, मिस्त्री इत्ता जोर नहीं लगाते." मी वहीवर बोट ठेवलं. शेवटी ते पान्याच्या दांड्यावर चक्क उभे राहिले, नट करकरला आणि काटा चौदावर आला. दोन्ही बाजू. माझी छाती दोन इंच फुगली. हे दोन इंच मात्र मी अंदाजे सांगतो आहे.

संध्याकाळी ट्रायल. शेठ स्वतः पुढे बसले. रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलो. वीस मैल, पंचवीस, तीस. चाकं कशी दगडासारखी. शेठ म्हणाले, "वा बाबू!" पुढे विहिरीजवळ रस्ता डावीकडे वळतो. गफूरभाईंनी स्टीअरिंग वळवलं. बंब वळला. आणि वळतच राहिला. गफूरभाई सीटवरून उठून स्टीअरिंगला लोंबकळले, पण चाकं काही सरळ व्हायला तयार नाहीत. रस्ता संपला, शेताचा धुरा आला, आणि आम्ही टाकीभर पाण्यासकट उभ्या पऱ्हाटीत शिरलो. शेठची टोपी कापसाच्या बोंडांत अडकली. शेठ जन्मभर कापसाचे व्यापारी, पण पऱ्हाटीत ते बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा गेले असावेत.

कोणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बसली ती रागानं भरलेली. बंब भंगारात काढा, हे एक. आणि ज्याच्या मोजमापाच्या भरवशावर राहिलो त्या मिस्त्रीला काढा, हे दुसरं. वहीतला आकडा त्याचा, काटा ओढायची रीत त्याची. बाबूनं तर लिहिल्याप्रमाणेच केलं. सगळेजण असंच बोलत होते आणि मी इतिवृत्त लिहीत खाली मान घालून बसलो होतो. वहीत चौदा आहे हे खरंच होतं. मग चुकलं कुठं, हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. पण 'हात लावजा नोका' असं मिस्त्री बजावून गेले होते, हे तरी मी सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. भित्रेपणा याला दुसरा शब्द नाही.

मिस्त्रींना कोणीतरी निरोप धाडला होता, ते दुपारच्या गाडीनं परत आले. ऑफिसात न येता थेट बंबाकडे गेले. मी मागोमाग. खिळ्यावरचा काटा त्यांनी काढला, नेहमीच्या सवयीनं पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा खालच्या कोपऱ्यात थांबला. तिथं बारीक अक्षरात 'कि. ग्रॅ.' लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण त्या पाहण्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौदा किलो म्हणजे तीस पौंडांच्याही वर.

मला वाटलं, आता हे बैठकीत जातील आणि माझी नोकरी जाईल. ते गेलेही. मी दाराशी उभा. मिस्त्री टेबलापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "चूक माही हाय."

शेठ म्हणाले, "कबूल आहे ना?"

"मी चौदा लिहिलं. चौदा काय, ते लिहिलं नाई. आकडा उघडा सोडला. लिहिनाऱ्याची चूक वाचनाऱ्याची नसते." मग म्हणाले, "आठ दिवस द्या. नवव्या दिवशी मले बी काढा न् बंबाले बी. पन आठ दिवस द्या."

सीझन ऐन तोंडावर, दुसरा बंब आणायचा कुठून? शेठनी आठ दिवस दिले.

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटू लागलो. त्यांचा हात वर गेला. "माहा काटा कुठं टाकला?"

"जुन्या शहरात. भंगारवाल्याकडे."

"घेऊन या."

बस्स. काहून केलं, काहून बोलले नाई, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेलो. भंगारवाला त्याच काट्यानं भंगार मोजत बसला होता. त्याचा आग्रह असा, की इतका खरा काटा त्यानं जन्मात पाहिला नाही, तो देणार नाही. दोन तास मी त्याच्या हातापाया पडलो. अखेर माझा चकचकीत किलोचा काटा बदल्यात देईन असं कबूल केलं, तेव्हा सुटला. पुढच्याच गल्लीत मिस्त्रींचं घर. दिवेलागणीला मी दाराशी उभा राहिलो. मिस्त्री अंगणात माचीवर बसून चहा पीत होते. कप नव्हे, भला मोठा पेला.

त्यांच्या बायको एका जिनात कापूस वेचायच्या कामाला जात. फाटकापलीकडच्या जिनात. मला पाहून त्या म्हणाल्या, "बसा बाबूसाहेब. तुमाले बी टाकू का? याईले तर दिवसातून पाच डाव लागते. चहाबिगर तोंडच उघडत नाई मानूस."

मिस्त्रींनी पेल्याआडून माझ्याकडे पाहिलं. मी चहा घेतला. त्या घरातल्या पेल्यात, त्या अंगणात, गूळ घातलेला. तीन पिढ्यांच्या मास्तरकीला कसलीही धाड भरली नाही. त्या दिवसापासून मी त्यांना अरे म्हणायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी शेडच्या आढ्याला जुना काटा टांगला, त्याच्या आकडीला नवा काटा, आणि नव्याच्या आकडीला बादली. बादलीत एकेक बोल्ट टाकत गेले. नव्या काट्याचं वजन सोडून जुन्यावर चौदा येईतो टाकले. मग नव्यावरचा आकडा मला वाचायला लावला. सहाच्या थोडा पुढे.

"पाहा बाबूसाहेब, तुमचं चौदा कुठं राहते न् माहं कुठं राहते. आता हा नेऊन द्या त्या भंगारवाल्याले. शब्द देला ना तुमी?"

एवढीच काय ती शिक्षा, असं मला वाटलं. पण नव्हती. माझ्या आवळण्यानं बेरिंगांच्या वाट्यांवर व्रण उठले होते. मिस्त्री मोटारीनं अमरावतीला गेले, तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून तिसऱ्या दिवशी चार बेरिंगं धोतराच्या फडक्यात बांधून घेऊन आले. आणि मग काटा माझ्या हातात दिला. "ओढा."

पाच दिवस मी काटा ओढला. ऑफिस सुटलं की शेडमध्ये. वरची एक चकती काढली तर खालचीही एक काढायची, नाहीतर सांधा मधोमध राहत नाही. पुन्हा ओढ. हिसका दिला की मिस्त्री म्हणायचे, "म्हशीले ओढून राहिले का? हळू." पहिला आकडा धरला की त्यांचा हात वर. सातव्या दिवशी संध्याकाळी काटा एकसारखा सरकत चौदावर टिकला. उजवी बाजू, चौदा. डावी बाजू, चौदा. मिस्त्रींनी तरी दहादा ओढायला लावलं. दहाही वेळा चौदा. त्यांनी वही पुढे केली. मी लिहिलं: 'दोन्ही बाजू १४ पौंड. सील नसताना.' त्यांनी वाचून मान हलवली. मला मॅट्रिक पास झाल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी सील, दांडा, चाकं, सगळं चढवलं. संध्याकाळी पाचला ट्रायल ठरली, शेठसमोर. मिस्त्री आंघोळ करून धुतलेला सदरा घालायला घरी गेले. आणि तीनच्या सुमाराला एक सायकलवाला ओरडत आला: फाटकापलीकडच्या जिनात आग.

गफूरभाई सीटवर चढले, पंपावरची चार माणसं मागे लटकली. गफूरभाईंनी चावी धरून माझ्याकडे पाहिलं. "बाबूसाब, ट्रायल तो हुआ नहीं."

"चौदा पौंड मी वाचलेत," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी चढलो. "काढा गाडी."

फाटक नशिबानं उघडं होतं. पलीकडे रस्ता मोकळा, दूर जिनावर काळा धूर. वीस मैल. माझे डोळे गफूरभाईंच्या मनगटांवर. पंचवीस. तीस. मनगटं स्वस्थ. पस्तीस. घंटा वाजते आहे, बंड्यावाले बैल बाजूला खेचताहेत, आणि समोर तीच विहीर, तेच वळण. आमच्या चाकोऱ्या अजून त्या पऱ्हाटीत दिसत होत्या. गफूरभाईंनी "या अल्ला" म्हणून स्टीअरिंग डावीकडे घेतलं. बंब वळला. मग त्यांनी पकड सैल केली, आणि स्टीअरिंग त्यांच्या तळव्यांखालून आपणहून फिरत मागे आलं. गोठ्याकडे परतणारी गाय वाट विचारत नाही, तसं. बंब सरळ रस्त्यावर.

आणि गफूरभाईंनी, पस्तीस मैलांच्या वेगात, दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून वर केले. "देखो बाबूसाब! देखो!"

मी त्यांना हात खाली ठेवा म्हणून बोंबललो. पण मीही हसत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा कापसाची एक गंजी पेटली होती आणि वारा रेच्यांच्या शेडकडे होता. आत बाया होत्या. दाराशी धूर कोंडला होता. पंप सुरू झाला, पाण्याची धार आधी दारावर, मग गंजीवर. दहा मिनिटं आणखी लागली असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. बाया एकेक करून बाहेर आल्या, केसांत कापूस, डोळे लाल, खोकत. सगळ्या आल्या. एक गंजी गेली. शेड वाचली, बाकीच्या गंज्या वाचल्या. त्या बायांमध्ये मिस्त्रींच्या बायको होत्या.

मिस्त्री सायकलवरून आले. सायकल त्यांनी उभी केली नाही, फेकली. धुतलेल्या सदऱ्यानिशी धावत आले, समोर बायको उभी, तिच्याकडे एक नजर टाकली, आणि सरळ बंबाखाली चिखलात शिरले. सांध्याच्या झाकणाचे नट हातानं चाचपू लागले.

बायको कमरेवर हात ठेवून गरजल्या, "अहो! बायको जित्ती हाय का मेली, इचारान की नाई?"

बंबाखालून आवाज आला, "तू दिसून राहिली ना उभी! हे आतलं दिसत नाई."

अख्खं जिन हसलं. धुरानं घसे बसलेल्या बायासुद्धा हसल्या.

मी वाकून म्हटलं, "मिस्त्री, दांडा सोडवू का? मोजायचं?" ते चाकाला टेकून चिखलातच बसले होते. त्यांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. ते बोटांकडे परक्या माणसाच्या बोटांकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"उद्या," ते म्हणाले. "आज माहा हात खरा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची झाडून सगळी माणसं शेडमध्ये जमली. बंब पुन्हा ठोकळ्यांवर, चाकं, दांडा, सील उतरवलेलं. मिस्त्रींनी काटा माझ्याकडे दिला. मी ओढला. हळू, एकसारखा. पहिला आकडा जाऊ दिला.

"चौदा," मी म्हटलं.

मिस्त्रींचा हात वर गेला. "चौदा काय?"

तिथं माझा धीर सुटला, किंवा आला; काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. "चौदा पौंड," मी म्हटलं. "आणि शेठजी, त्या दिवशी चौदा किलो ओढणारा मी. यांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं. यांचा काटा भंगारात टाकणाराही मीच. आणि बैठकीत गप्प बसणाराही."

शेठनी एकदा काट्याकडे पाहिलं. मग वळून पोऱ्याला म्हणाले, "चहा आण सगळ्यांना." तबक आलं. सगळ्या कपबश्या एकसारख्या होत्या. शेठनी स्वतःच्या हातानं एक उचलली आणि मिस्त्रींपुढे धरली. आता हे 'मी चहा पेत नाई' म्हणणार, अशी मला भीती. मिस्त्रींनी कप घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायले. सगळे पाहत होते.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

ती कानतुटकी कपबशी मी त्याच दुपारी भंगाराच्या पोत्यात टाकली. मी भंगारात काढलेल्या वस्तूंपैकी एवढी एकच बरोबर होती.

पुढे चार-पाच सीझन मिस्त्री आमच्याकडे होते. मग अमरावतीला सरकारनं कामं शिकवायची शाळा काढली आणि त्यांना तिथं शिकवायला नेमलं. मास्तरांच्या घरातला मी कारकून झालो आणि मिस्त्री मास्तर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी काटा बरोबर नेला. मीच आग्रह केला. बंब म्हातारा होऊन मोडीत निघाला, तेव्हा शेठनी त्याचा पुढचा आस मिस्त्रींच्या शाळेला देऊन टाकला. त्यानंतर वर्षाच्या आतच मिस्त्री गेले. मला कळलं तेव्हा दहावाही उलटून गेला होता, आणि त्यांच्यात दहावा करत नाहीत हेही मला त्यांच्या बायकोनंच सांगितलं.

त्यांच्या बायकोला भेटून परतताना मी त्या शाळेत डोकावलो. तासच चालू होता. मधोमध लाकडी घोड्यावर आमच्या बंबाचा आस, तांबडा रंग अजून कडेला टिकलेला, आणि भोवती तीसेक जण खाकी कपड्यांत. भिंतीला खिळा, खिळ्याला पितळी पट्टीचा काटा. नव्या मास्तरांना मी कोण ते सांगितलं. त्यांनी काटा काढून माझ्या हातात दिला. "ओढून पाहा साहेब. मिस्त्रींनी शेवटचं बसवलं, त्याले आमी कोनी हात नाई लावला."

मी आकडी अडकवली. हळू ओढलं. पहिला आकडा जाऊ दिला. सांधा वळू लागला आणि काटा टिकला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला वाचायला जरा वेळ लागला.

"चौदा," मी म्हटलं.

तीस हात एकदम वर गेले. तळवे माझ्याकडे, बोटं जुळलेली.

"चौदा काय?" सगळा वर्ग ओरडला.